मनोऱ्यावरील नोकरी आणि भिंतीवरील प्रशस्तिपत्रे

ज्या घरात शाळा-कॉलेजांत जाणारी मुले आहेत, त्या घराच्या भिंतीवर तसबिरींच्या शेजारी एखाददुसरे प्रशस्तिपत्र हटकून टांगलेले दिसते. धावण्याच्या शर्यतीत दुसरा क्रमांक, वक्तृत्वस्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस, स्नेहसंमेलनातील नाटकात उत्तम काम. आलेल्या पाहुण्यास आईबाप ही पत्रे मोठ्या अभिमानाने दाखवितात, आणि त्यांचा अभिमान अस्थानी आहे असे कोण म्हणेल? परंतु मूल पदवीधर होते, नोकरीचा अर्ज समोर येतो, आणि मग ह्याच कौतुकातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. एवढी वर्षे मुलाने मैदानावर आणि रंगमंचावर घालविली, त्यांचे आता काही चीज होणार आहे काय? की तो सारा वेळ अभ्यासातून वजा झाला, एवढेच खरे?

हा प्रश्न कोणत्याही नोकरीच्या बाबतीत विचारता येईल. आज आम्ही तो एकाच नोकरीपुरता विचारणार आहोत. ती नोकरी म्हणजे विमानतळावरील मनोऱ्यात किंवा रडारच्या पडद्यासमोर बसून विमानांना वाट आखून देणाऱ्या नियंत्रकाची. हीच नोकरी निवडण्याचे कारण असे, की आमच्या गावात हा प्रश्न नुसत्या चर्चेचा राहिला नाही. त्याच्या उत्तरावर एका कष्टाळू माणसाची पुंजी अवलंबून होती.

आमचे कडगंची हे आळंद तालुक्यातील, कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. दत्तभक्त त्याला सायंदेवाचे गाव म्हणून ओळखतात. २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचे आवार येथे उभे राहिल्यापासून दूरदूरच्या विद्यार्थ्यांनाही त्याचे नाव ठाऊक झाले. आमच्यासारख्या घरांत मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी वळणाची हिंदी आणि परीक्षेला इंग्रजी, असा चार भाषांचा संसार आमची मुले लहानपणापासून सांभाळतात. बीदरला हवाई दलाचा जुना तळ आहे, आणि २०१९ साली कलबुर्गीचा विमानतळही सुरू झाला. तेव्हा ज्या मुलांचे आजोबा विमानाचा आवाज आला की अंगणात धावत येत, त्यांच्या मनात आता त्या विमानांशी पोटापाण्याचा संबंध जोडण्याची इच्छा उत्पन्न व्हावी, ह्यात नवल नाही.

आमच्या शेजारच्या घरातील मुलगी अशांपैकीच एक. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन ती बी. एस्सी. झाली. वडील शिवणकाम करतात. घरात दोन शिलाई मशिने, एकावर ते स्वतः, दुसऱ्यावर तिची आई. ही मुलगी तालुक्याच्या कबड्डी-संघाची कर्णधार होती, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गेली होती, स्नेहसंमेलनात निवेदन करीत होती. २०२५ साली भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाने नियंत्रकांच्या ३०९ जागांची जाहिरात काढली, तेव्हा तिने अर्ज करण्याचे ठरविले. त्याच सुमारास एका शहरातील एका गृहस्थाने तिच्या वडिलांस गाठले आणि सांगितले, की दहा दिवसांचे व्यक्तिमत्त्व-विकासाचे शिबिर आणि त्यासोबत पाच प्रमाणपत्रे मिळून अठरा हजार रुपये पडतील. अशी प्रमाणपत्रे जोडल्यावाचून विमानखात्यात कोणी उभे करीत नाही. बापाने दुसरे मशीन विकण्याची तयारी केली. तत्पूर्वी तो मुलीला घेऊन आमच्याकडे आला, एवढे बरे झाले. "गुरुजी, पैसे भरू का नको, तुम्ही सांगा बघू," असे म्हणून त्याने पिशवीतील सगळी प्रशस्तिपत्रे आमच्यापुढे मांडली.

आम्ही त्या दोघांना समोर बसवून जाहिरात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखविली. जाहिरात मुळातून वाचण्याचा कंटाळा आणि ऐकीव माहितीवर विश्वास, ह्या दोन गोष्टींनी आपल्या समाजाचे जेवढे पैसे बुडविले तेवढे दुष्काळानेही बुडविले नसतील. त्या जाहिरातीत काय होते? भौतिकशास्त्र व गणित घेऊन विज्ञानाची पदवी, किंवा ते विषय अभ्यासक्रमात असलेली अभियांत्रिकीची पदवी. वयाची कमाल मर्यादा २७ वर्षे, राखीव वर्गांना नियमाप्रमाणे सवलत. बारावीच्या तोडीचे इंग्रजी बोलता व लिहिता आले पाहिजे. मग संगणकावर घेतली जाणारी लेखी परीक्षा: १२० मिनिटांत १२० प्रश्न, त्यांपैकी निम्मे गणित व भौतिकशास्त्राचे, उरलेले इंग्रजी, तर्क, अंकगणित आणि सामान्यज्ञान यांचे. ह्या परीक्षेत वर आलेल्यांची आवाजाची चाचणी, मादक द्रव्ये घेत नसल्याची तपासणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. ह्या पुढच्या पायऱ्या उत्तीर्ण व्हाव्याच लागतात. परंतु यादीतील क्रम ठरतो तो लेखी परीक्षेतील गुणांवर. कबड्डीला गुण नाहीत. नाटकाला नाहीत. शिबिराला नाहीत. विकत घेतलेल्या पाच प्रमाणपत्रांना तर नाहीतच नाहीत.

हे ऐकल्यावर अठरा हजारांचा प्रश्न तेथेच मिटला. परंतु मुलीचा चेहरा उतरला, आणि बाप म्हणाला, "म्हणजे पोरगी आठ वर्षं मैदानावर पळाली, ते फुकटच की हो, गुरुजी?" ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या संध्याकाळी दिले, तेच येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत, कारण असा बाप एकटा नाही.

पहिली गोष्ट अशी, की प्रशस्तिपत्रांना गुण नाहीत हे आमच्यासारख्या गावांचे नुकसान नव्हे, संरक्षण आहे. जरा विचार करा. ज्या शहरी शाळेत पोहण्याचा तलाव आहे, घोड्यावर बसण्याचा वर्ग आहे, वादविवादासाठी परगावी नेणारे शिक्षक आहेत, तेथील विद्यार्थी पदवीपर्यंत पन्नास प्रमाणपत्रे गोळा करील. आळंद तालुक्यातील मुलीला मिळून मिळून मैदान कोणते मिळणार? कापणी झालेल्या तुरीच्या शेताचे. उद्या अवांतर यशाला गुण ठेवले, तर ते यश ज्यांच्या घरी आधीच सोय आहे त्यांच्याच पदरी पडेल. गणिताचा प्रश्न मात्र कोणाचे घर पाहत नाही. तो शिंप्याच्या मुलीला जेवढा कठीण, तेवढाच कारखानदाराच्या मुलाला.

दुसरी गोष्ट, परदेशात ह्याचा एक प्रयोग होऊन गेला आहे आणि त्याचा धडा घेण्यासारखा आहे. अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने २०१४ साली नव्या नियंत्रकांच्या निवडीत एक चरित्रविषयक प्रश्नावली घातली. शाळेत असताना तुम्ही किती प्रकारचे खेळ खेळत होता, कोणत्या विषयात तुम्हांला सर्वांत कमी गुण पडत, असले प्रश्न तीत होते. कमी गुणांचा विषय विज्ञान असे उत्तर देणाऱ्यास अधिक गुण मिळत, ही चमत्कारिक गोष्ट पुढे उघडकीस आली. विमान-नियंत्रणाचे खास शिक्षण घेतलेले पुष्कळ तरुण त्या प्रश्नावलीतच गळाले. उत्तरे आधी फुटल्याचे आरोप झाले, प्रकरण न्यायालयात गेले, तेथील काँग्रेसने २०१६ साली कायदा करून तिच्या वापराला आळा घातला, आणि २०१८ साली ती बंद झाली. खेळणाऱ्या मुलांत कणखरपणा असतो, हा विचार कदाचित खोटा नसेल. परंतु कणखरपणा कागदावर मोजू लागले की कणखर माणसे मिळत नाहीत, कागद भरण्यात वाकबगार माणसे मिळतात.

मग त्या आठ वर्षांचे काय? येथे आपण परीक्षेच्या दालनातून बाहेर पडून, प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन पाहिले पाहिजे.

तासाला आठशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका मिनिटात तेरा किलोमीटर मागे टाकते. रडारच्या देखरेखीखाली लांबच्या मार्गावर दोन विमानांत सर्वसाधारणपणे पाच सागरी मैल, म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोमीटर अंतर राखावे लागते. तेवढे नसेल तर उंचीत निदान हजार फुटांचा फरक पाहिजे. म्हणजे नियंत्रकाने मिनिटभर दुसरीकडे लक्ष दिले, तर सारे अंतर संपण्यास तो मिनिट पुरेसा आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरी दिवसाकाठी नऊशेंच्या आसपास विमाने तेथे चढतात-उतरतात. हे काम हातांनी होत नाही. ते होते आवाजाने. नियंत्रक बोलतो, वैमानिक त्याचे शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवितो, आणि नियंत्रक कान देऊन ऐकतो की परत आलेला शब्द आपण दिला तोच आहे ना.

आवाज चुकला की काय होते, हे जगाने पाहिले आहे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन मोठी विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणाची परवानगी मिळाली नसता एका वैमानिकाने विमान सोडले. मोघम शब्द आणि एकाच वेळी झालेली दोन भाषणे यांमुळे ते कोणास वेळेवर उमगले नाही. आपल्या देशात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाकस्तानी विमाने भिडली. ३४९ जीव गेले. नियंत्रकाने एकाला १५,००० फुटांवर व दुसऱ्याला १४,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. कझाकस्तानी विमान सांगितलेल्या उंचीच्या खाली उतरले. पुढील चौकशीत त्या वैमानिकांचे तोकडे इंग्रजी हेही एक कारण म्हणून पुढे आले. आता आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वैमानिक आणि नियंत्रक या दोघांचेही बोलण्याचे इंग्रजी सहा पायऱ्यांच्या मापाने तपासले जाते, आणि किमान चौथी पायरी गाठावीच लागते. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि प्रतिसाद, अशी त्या तपासणीची सहा अंगे आहेत.

वाचकांनी ह्या सहा अंगांकडे पुन्हा एकदा पाहावे. ह्यांतील किती गोष्टी नुसते पुस्तक वाचून येतात? आमच्या शेजारच्या मुलीने स्नेहसंमेलनात पाचशे माणसांपुढे उभे राहून निवेदन केले, ध्वनिक्षेपक बंद पडला तेव्हा न गोंधळता आवाज चढविला, तेव्हा तिच्या प्रशस्तिपत्रावर जे लिहिले गेले त्याहून मोठे काही तिच्या गळ्यात बसले. आवाजाच्या चाचणीत उमेदवार अडखळतो का, त्याचा शब्द स्पष्ट कळतो का, हे पाहतात. तेथे ते प्रशस्तिपत्र कोणी मागणार नाही. गळा मात्र तोच असेल. आणि आमच्या खेडवळ उच्चारांस हसणाऱ्यांनी एक गंमत ध्यानात ठेवावी. आकाशवाणीच्या थाटाचे इंग्रजी तेथे कोणासही नको असते. आकडे चुकू नयेत म्हणून तीनला मुद्दाम 'ट्री', पाचाला 'फाइफ' आणि नवाला 'नायनर' म्हणण्याचा तेथे जगभर दंडक आहे. सुंदर बोलण्यापेक्षा स्वच्छ बोलणे तेथे मोलाचे.

कबड्डीचेही तसेच. चढाई करणारा खेळाडू एका दमात शब्द घोकीत असतो, सात जणांवर नजर ठेवतो, आणि आपल्यामागे परतीची रेषा किती दूर आहे ह्याचे भान सोडीत नाही. तोंड एका कामात, डोळे दुसऱ्या आणि मन तिसऱ्या, तरी तिन्हींचा मेळ सुटत नाही. कबड्डी खेळणारा प्रत्येक जण चांगला नियंत्रक होईल, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्याने ही कसरत अंगी मुरविली आहे, त्याला शिकविताना गुरूचे श्रम कमी पडावेत, असे आम्हांस वाटते. निवड झालेल्या उमेदवारांना प्रयागराज येथील १९४८ साली स्थापन झालेल्या नागरी विमानवाहतूक प्रशिक्षण महाविद्यालयात, हैदराबादच्या केंद्रात किंवा महाराष्ट्रातील गोंदियाच्या संस्थेत शिक्षण घ्यावे लागते. तेथे खोट्या आकाशात खोटी विमाने सोडून त्यांची परीक्षा पाहतात, आणि नंतर प्रत्यक्ष विमानतळावर अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली त्यांना काम करावे लागते. न कळलेला शब्द कळला असे भासविणारा मनुष्य तेथे धोकादायक ठरतो. "पुन्हा सांगा" असे न लाजता म्हणणारा उपयोगी पडतो. संघात खेळलेल्या, हरलेल्या, कर्णधाराचे बोल ऐकलेल्या मुलाला ही न लाजण्याची सवय बहुधा आधीच लागलेली असते.

एक बाजू सांगावयाची राहिली. सर्वच दारांवर हा एकच नियम नाही. नौदल अभियांत्रिकीच्या पदवीधरांतून विमान-नियंत्रणासाठी अधिकारी घेते. हवाई दलाच्या प्रशासन शाखेतील अधिकाऱ्यांकडेही हे काम असते. तेथे निवड मंडळापुढे पाच दिवस राहावे लागते. हवाई दलाचे असे एक मंडळ आपल्या राज्यात म्हैसूरला आहे. तेथे उमेदवाराकडून जो माहितीचा तक्ता भरून घेतात, त्यात खेळ, छंद, छात्रसेना, जबाबदारीची पदे असे सारे विचारलेले असते, आणि मुलाखतीत त्यावरच खोदून खोदून प्रश्न येतात. म्हणजे ह्या दारावर अवांतर गोष्टींचा उपयोग होतो. परंतु कोणत्या अवांतर गोष्टींचा? ज्या खरोखर केल्या त्यांचा. दहा दिवसांच्या शिबिरात विकत घेतलेले प्रमाणपत्र पुढे केले आणि समोरच्या अधिकाऱ्याने "संघात तुझी जागा कोणती होती, आणि अंतिम सामना का हरलात?" असे विचारले, म्हणजे विकत घेतलेला कागद मुका होतो. जिने तो सामना हरून रडून काढला असेल, तिला उत्तर शोधावे लागत नाही.

म्हणून आम्ही त्या बापाला सांगितले, "मशीन विकू नका. आणि मुलीची आठ वर्षे फुकट गेली असेही म्हणू नका. ती कागदावर नाहीत, तिच्यात आहेत." मुलीने विचारले, "गुरुजी, मग मी कबड्डी सोडून नुसता अभ्यास करू का?" आम्ही म्हटले, "बाळ, परीक्षेपुरते मैदान कमी कर; परीक्षा गणिताची आहे, तिथे कबड्डी तुला तारणार नाही. पण एकदम सोडू नकोस. आणि रोज संध्याकाळी अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखव, आम्ही ऐकू." त्याप्रमाणे ती काही महिने आमच्या ओसरीवर वाचीत होती. आमच्या वृद्ध कानांना शब्द कळला नाही की आम्ही हात वर करीत असू, आणि ती तो पुन्हा म्हणत असे.

त्या खेपेस तिला यश आले नाही. लेखी परीक्षेत भौतिकशास्त्र कमी पडले. ही गोष्ट आम्ही लपवून ठेवीत नाही, कारण कथा गोड करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. ती २५ वर्षांची होती, म्हणजे मर्यादेपर्यंत फारसा अवकाश नाही. आणि ही जाहिरात काही वर्षाच्या नेमाने निघत नाही. २०२२ साली ४०० जागांची निघाली, २०२३ साली ४९६ जागांची, आणि त्यानंतर २०२५ साली ३०९ जागांची. पुढची केव्हा निघेल आणि तीत अटी काय असतील, ह्याचा भरवसा कोणी देऊ नये. तरी तिने भौतिकशास्त्राची पुस्तके पुन्हा उघडली आहेत, गावातील लहान मुलींना ती सकाळी कबड्डी शिकविते, आणि घरातील दोन्ही मशिने चालू आहेत.

आईबापांना आमची विनंती एवढीच. मुलाला मैदानावर पाठवा, गाण्याला बसवा, नाटकात उभे करा. परंतु ते नोकरीच्या अर्जासाठी म्हणून करू नका. अर्जाच्या हिशेबाने खेळणारे मूल खेळापासून मिळणारे तेवढे गमावून बसते आणि अर्जातही काही कमावीत नाही. नोकरीची जाहिरात स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर गावातील शिक्षकाकडून वाचून घ्या, आणि जो गृहस्थ जाहिरातीत नसलेली अट सांगून पैसे मागतो त्याला नमस्कार करून वाटेला लावा. तरुणांना सांगणे असे, की परीक्षा ज्या विषयांची आहे ते विषय पक्के करा, कारण पहिले दार त्यांनीच उघडते. मग मनोऱ्यात बसल्यावर, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी, पावसाळी आभाळात दोन विमानांतील शेकडो माणसे तुमच्या एका शब्दावर अवलंबून असतील, तेव्हा तुमची गुणपत्रिका आणि तुमची प्रशस्तिपत्रे दोन्ही घरी पेटीत असतील. तुमच्यापाशी असेल तो तुमचा आवाज, तुमचे कान आणि तुमचे शांत चित्त. ती मिळवावयास आजपासून लागा.